सील न तोडता दिलेले गुण

आमच्या कारखान्यात कॉम्प्युटरचे पॉवर सप्लाय बनत. पॉवर सप्लाय म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातली पत्र्याची पेटी. भिंतीतली वीज ती आत घेते आणि पुढच्या नाजूक भागांना झेपेल अशी करून देते. एका पेटीत शंभरएक भाग. ते बसवायला चौदा माणसं. मी त्यात चोक नावाचा तारेचा ठोकळा गुंडाळायचो, एकतीस वर्षं. पंधरावा माणूस झाकण लावायचा, अठ्ठावीस वर्षं. हे त्याच्याबद्दल आहे.

झाकण ठेवायचं, चार स्क्रू मारायचे, पेटी पुढे ढकलायची. एका पेटीला सतरा सेकंद. मी घड्याळ लावून बघितलं आहे. सकाळी सतरा आणि संध्याकाळीही सतराच. दिवसभर काम करून संध्याकाळी वीसवर न जाणं म्हणजे काय, हे ज्याने हाताने काम केलं आहे त्यालाच कळेल.

सगळे त्याला झाकणराव म्हणत. सुरुवातीला टिंगल होती. मग त्याच्या हाताची बातमी पसरली आणि त्यातल्या ‘रावा’ला अर्थ आला.

स्क्रू मारून झाले की तो पेटी उजव्या हाताने बोटभर उचलायचा आणि खाली ठेवायचा. बहुतेक वेळा काही बोलायचा नाही. महिन्यातून एखाद्या वेळी म्हणायचा, “हलका आहे. परत.” उघडून बघावं तर आतला एक भाग बसवायचा राहून गेलेला. एकदा नवीन आलेला इंजिनिअर हसला. त्याने प्रयोगशाळेतला काटा आणवला आणि पेटी त्यावर ठेवली. ती कमी भरली. उघडली तर उष्णता बाहेर टाकणाऱ्या दोन पट्ट्यांपैकी एक आत नव्हती. इंजिनिअरने काटा कपाटात ठेवून दिला. त्या कपाटाची किल्ली पुढे कोणी मागितली नाही.

“आत काय आहे ते शेवटचं बघणारा माणूस मी,” तो म्हणायचा. “माझ्यानंतर लोक फक्त धूर बघतात.”

आम्ही एकाच वर्षी निवृत्त झालो. मी दोन महिने झोपलो. त्याला ते जमलं नाही. त्याच्या घरापासून जवळच कॉम्प्युटरच्या दुकानांची गल्ली आहे आणि गल्लीच्या तोंडाशी भंगारवाला. झाकणराव त्याच्याकडून मेलेले पॉवर सप्लाय आणायचा, समोरच्या खोलीत टेबलावर ठेवून उघडायचा आणि एका जाड वहीत गुण द्यायचा. तारेला दहा, टाक्यांना दहा, वीज साठवणाऱ्या कपॅसिटरला दहा, चोकला दहा, पट्टीला दहा, पेटीच्या पत्र्याला दहा. साठपैकी. मग झाकण बाजूला ठेवून ती उघडी पेटी भिंतीवर खिळ्याला टांगायचा. म्हणजे दोन पेट्या शेजारी शेजारी बघता येतात.

मी जायचो तेव्हा तो हातात फूटपट्टी घेऊन समजावून सांगायचा. चांगल्या पेटीत तारा सारख्या अंतरावर बांधलेल्या असतात. भाग ज्या पाटीवर बसवतात तिच्यावरचे डाखाचे टाके चमकतात आणि एकसारखे असतात. जड भाग हलू नयेत म्हणून त्यांच्या बुडाला गोंद असतो, आणि खाली पत्र्याला काही टेकू नये म्हणून जाड कागद. वाईट पेटीत तारा इतक्या आखूड की जोडताना कोणाचा तरी हात सोलला असणार. पाटीवर भागाचं नाव छापलेलं, जागा मोकळी.

“घराला पाटी आहे, आत भाडेकरू नाही,” तो म्हणायचा. “आणि वीज बिचारी दार वाजवत फिरते.”

वहिनींचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, त्या भिंतीबद्दल वेगळं मत होतं. “भाऊजी, लोक भिंतीवर नातवंडांचे फोटो लावतात. आमच्याकडे पाहुणे विचारतात हे काय. मी सांगते, ह्यांचे मित्र आहेत. ऑपरेशननंतरचे.”

त्रेचाळीस पेट्या झाल्यावर त्याला नियम सापडला. जास्त गुण मिळालेली प्रत्येक पेटी जड होती. तांबं जड, लोखंड जड, ॲल्युमिनियमची पट्टी जड. यातलं काहीही वाचवलं की पेटी हलकी होते. म्हणजे उघडायची गरजच नाही. हातात घ्या, जड लागला तर घ्या.

मला ते तेव्हाच पटलं नव्हतं. पण माझ्याकडे त्याच्याएवढी मोठी वही नव्हती.

गल्लीला मात्र पटलं. नियम सोपा होता आणि कोणाला काही शिकावं लागत नव्हतं. दुकानदार त्याला बोलावू लागले. तो आत जायचा, पेट्या उचलायचा, दोन बोटांनी खूण करायचा, चहा पिऊन बाहेर यायचा. गिऱ्हाईकं कलिंगड घेतल्यासारखी पॉवर सप्लाय हातावर झेलू लागली. एका दुकानदाराने छताला काटा टांगला. पूर्वी लोक वॅट विचारायचे, आता ग्रॅम विचारू लागले. “झाकणरावांनी सांगितलंय, जड बघून घ्या,” हे वाक्य मी अशा माणसांच्या तोंडून ऐकलं ज्यांनी झाकणरावाला कधी बघितलंही नव्हतं.

जे गल्लीने ऐकलं ते माल पाठवणाऱ्यांच्याही कानावर जाईल, हे आमच्यातल्या कोणालाही कळलं असतं. कोणी विचारच केला नाही, इतकंच.

त्याची मुलगी एका तंत्रशाळेत कॉम्प्युटरची खोली सांभाळते. साठ मशीनं, आणि नोकरी हंगामी, दर वर्षी नवा कागद. तिच्या आधी तिथे एक शांत स्वभावाचा माणूस होता. त्याच्या वेळी स्वस्तातले पॉवर सप्लाय बसवले आणि एका सत्रात अकरा मशीनं जळाली. खरेदी समितीने केली होती. पण खोली त्याच्या ताब्यात होती. त्यामुळे घरी तो गेला, समिती नाही. समितीला घरी कसं पाठवायचं हे कोणालाच माहीत नव्हतं.

यंदा साठही मशीनांचे सप्लाय बदलायचे ठरले. मुलीला झोप लागेना. यावेळी जळाले तर कागद नवा मिळणार नाही, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. तिने प्राचार्यांना सांगितलं की माझे बाबा अठ्ठावीस वर्षं याच कामात होते. प्राचार्यांनी चिठ्ठी पाठवली. चिठ्ठीत झाकणरावाचा उल्लेख ‘तज्ज्ञ’ असा होता.

वहिनींनी ती चिठ्ठी शेजारणीला दाखवली. मग दुसऱ्या शेजारणीला. झाकणरावाने नवा शर्ट शिवला आणि मला म्हणाला, “तू ये बरोबर. वहीची पिशवी धरायला.”

“तुला हात नाहीत?”

“हात मोकळा लागतो मला.”

खोलीत एक लांब टेबल होतं. प्राचार्य, भांडारपाल, कारकून आणि गणिताचे एक शिक्षक टेबलाला बसले होते. तज्ज्ञाला हातांची खुर्ची. मला भिंतीपाशी स्टूल. मुलगी दारात उभी होती, बसायला कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या कारखान्यात साहेबांच्या टेबलाशी आम्ही उभे राहूनच बोललो. त्या खुर्चीत बसल्यावर झाकणरावाने हात कुठे ठेवावेत ते त्याला थोडा वेळ कळेना.

नमुने दोन होते, एक काळा, एक करडा. तिसऱ्या पुरवठादाराने नमुन्याऐवजी रंगीत माहितीपत्रक पाठवलं होतं. नियमाप्रमाणे तीन लागतात, म्हणून माहितीपत्रकही टेबलावर मांडलं होतं.

कारकुनाने तक्ता पुढे ठेवला. वर लिहिलं होतं, ‘अंतर्गत बांधणीचा दर्जा, कमाल गुण साठ.’ खाली लिहिलं होतं, ‘नमुन्याचे सील तोडू नये. सील तुटलेला नमुना बाद समजावा.’

गणिताच्या शिक्षकांनी दोन्ही ओळी वाचल्या. “म्हणजे आतलं बघायचं, पण उघडायचं नाही?”

“डॉक्टर नाही का छातीला नळी लावून सांगत,” भांडारपाल म्हणाला. “तो कुठे उघडतो?”

“बरोबर आहे,” प्राचार्य म्हणाले आणि सगळे झाकणरावाकडे बघू लागले.

इथे त्याने म्हणायला हवं होतं की उघडल्याशिवाय गुण देता येत नाहीत. भिंतीवरच्या त्रेचाळीसही पेट्या त्याने उघडून बघितल्या होत्या. पण तो म्हणाला, “मला उघडायची गरज नाही.”

त्याने करडा उचलला आणि ठेवला. मग काळा उचलला, ठेवला, पुन्हा उचलला आणि पुन्हा ठेवला. अठ्ठावीस वर्षांत कुठलीही पेटी त्याने दोनदा उचललेली मी पाहिली नव्हती. ते मी लक्षात ठेवलं.

“काळा,” तो म्हणाला. “चांगला पावशेर जड आहे.”

टेबलाभोवती माना हलल्या. भांडारपालाने स्वतः उचलून बघितला आणि आपल्यालाही कळतं अशा चेहऱ्याने खाली ठेवला.

मग दोन्ही नमुने दोन मशीनांना जोडून अर्धा तास चालवले. काळा एकदम शांत. करड्यातून बारीक गुणगुण येत होती. भांडारपालाने कान लावला. “हा काहीतरी म्हणतोय.”

“शेजारी ग्रंथालय आहे,” प्राचार्य म्हणाले. “आवाज नको.”

करड्याचे गुण आवाजापायी कापले. काळ्याला साठपैकी चोपन्न, करड्याला एकेचाळीस. माहितीपत्रकाला बारा, छपाई चांगली होती म्हणून. झाकणरावाने तक्त्याखाली सही केली. त्याच्या लेकीने दारातून त्याच्याकडे बघितलं आणि कितीतरी दिवसांनी तिचे खांदे खाली आले.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, “काळ्याचा चोक गप्प होता.”

चोक म्हणजे लोखंडी पट्ट्यांवर तांब्याची तार गुंडाळून केलेला ठोकळा. वीज आत येताना वेडीवाकडी ओढली जाऊ नये म्हणून पेटीच्या दाराशीच तो बसवतात. काम चालू असलं की तो गुणगुणतो. त्याला वार्निशमध्ये कितीही बुडवा, थोडा तरी गुणगुणतोच. मी हजारो बुडवले आहेत. पूर्ण गप्प चोक मी आयुष्यात एकच पाहिला. त्याला तार गुंडाळायची राहून गेली होती.

“तुला कान लावायला कोणी बोलावलं होतं?” झाकणराव म्हणाला.

“तूच. पिशवी धरायला.”

“मग पिशवी धरायची. तू वाइंडर, तार गुंडाळणारा. तुला जगात चोकाशिवाय काही दिसत नाही.”

“आणि तुला झाकणाबाहेर.”

तो पुढे निघून गेला. पिशवी माझ्याकडेच राहिली.

तीन दिवस कोणी कोणाकडे गेलं नाही. चौथ्या दिवशी वहिनींचा फोन आला. “भाऊजी, या. हे धड जेवत नाहीत. आणि खिळेही ठोकत नाहीत, म्हणजे काहीतरी गंभीर आहे.”

मी वहीची पिशवी घेऊन गेलो. टेबलावर काळ्या नमुन्याच्याच कंपनीची एक पेटी उघडी पडली होती. त्याने ती भंगारवाल्याकडून शोधून आणली होती. जेमतेम वर्षाची, एका बाजूने जळालेली. आत अर्ध्या जागा मोकळ्या. भागांऐवजी नुसते तारेचे तुकडे टाकलेले. पट्टी बिस्किटासारखी पातळ. पण चोक होता. मोठा, पिवळ्या टेपचा, पंख्याच्या जाळीतून बघितलं तर भरदार दिसेल असा. त्यातून दोन तारा निघत होत्या आणि पाटीखाली गेल्या होत्या.

“ओढ,” झाकणराव म्हणाला.

मी ओढल्या. दोन्ही हातात आल्या. टोकं गोंदाने चिकटवलेली होती. त्या कुठेच जात नव्हत्या.

त्याने टेप सोडवली. आत पत्र्याचं वेटोळं आणि पत्र्याच्या आत सिमेंट. वहिनींनी स्वयंपाकघरातला काटा आणून दिला. तीनशे नव्वद ग्रॅम.

“मी सांगितलं जड घ्या,” तो म्हणाला. “त्यांनी जड केला.”

मी ठोकळा हातात फिरवत होतो. सिमेंट नीट कालवलेलं नव्हतं, एका बाजूला खडा वर आला होता.

“निदान चाळून तरी घ्यायचं,” तो म्हणाला. हे तो रागाने म्हणाला, आणि राग खरा होता.

मला टेपचं जास्त लागलं. टेप सुरेख गुंडाळली होती. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढलेला, टोक आत दुमडलेलं, कुठे सुरकुती नाही. सिमेंटला टेप गुंडाळणारं कोणीतरी कुठेतरी दिवसभर बसत असेल, आणि ते काम मन लावून करत असेल. त्याला आत काय आहे हे माहीत असेल की नसेल, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

“मला हातात आल्याबरोबर कळलं होतं,” झाकणराव म्हणाला. “वजन एका कोपऱ्यात गोळा झालं होतं. खऱ्या पेटीत ते पसरलेलं असतं. म्हणून दुसऱ्यांदा उचलला.”

“मग बोलला का नाहीस?”

“पाच जण बघत होते.”

तेवढ्यात मुलगी कामावरून आली. टेबलावरचं तिने बघितलं. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही, ती त्याचीच मुलगी आहे.

“सोमवारी मागणीवर सह्या आहेत,” ती म्हणाली.

“मी प्राचार्यांना भेटतो.”

“भेटा. पण बाबा, आधीच्या दादांना काय विचारलं होतं माहितीये? खोली कोणाच्या ताब्यात होती, एवढंच. यावेळी तर तज्ज्ञही माझाच बाप आहे.”

“मी चुकलो असं सांगितलं तर तुझंच नाव खराब होईल. म्हणतील, हिने कोणाला आणलं.”

“होऊ दे. नाव खराब झालं तर लोक बोलतील. मशीनं जळाली तर मी घरी बसेन.” तिने पर्स खाली ठेवली. “आणि घरी ही भिंत बघत बसायला लागेल.”

वहिनी हसल्या. झाकणराव हसला नाही.

शुक्रवारी आम्ही दोघं प्राचार्यांकडे गेलो. पिशवीत सिमेंट होतं. प्राचार्यांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, फक्त त्यांच्यापुढे फायली होत्या.

“तज्ज्ञांचं मत आम्ही नोंदवून घेतलं आहे,” ते म्हणाले.

“तो तज्ज्ञ मीच आहे.”

“हो, पण त्या दिवशीचा. आज तुम्हाला बैठकीचं बोलावणं नाही. आज तुम्ही एका कर्मचाऱ्याचे वडील म्हणून आलात.”

“चूक त्या दिवशीच्या तज्ज्ञाने केली. ती मला माहीत आहे.”

“हे तुम्ही भंगारातून आणलंत. नमुना तो नाही. नमुन्यातही असंच आहे, हे सील न तोडता सिद्ध करा, मी स्वतः मागणी थांबवतो.”

मी मध्ये पडलो. “साहेब, तो गुणगुणत नाही.”

प्राचार्यांनी माझ्याकडे सहानुभूतीने बघितलं. “गुणगुणत नाही हा दोष कसा होईल? त्याचे तर आपण गुण दिलेत.”

परतताना झाकणराव वाटेत एकच वाक्य बोलला. “सोमवारी तज्ज्ञ म्हणून बोलावतील. सहीला.”

सोमवारी बोलावलं. तेच टेबल, तीच माणसं, माझं तेच स्टूल. भर म्हणून काळ्या नमुन्याच्या कंपनीचा विक्रेता आला होता. टाय लावलेला, हसरा, सगळ्यांना पेन वाटत होता. मलाही एक दिलं. मुलगी दारात होती. हातातली खोलीची किल्ली ती एकसारखी फिरवत होती.

कारकुनाने मागणीचा कागद झाकणरावापुढे सरकवला.

“सही करायच्या आधी एकदा उचलतो,” तो म्हणाला.

“अवश्य,” प्राचार्य म्हणाले. विक्रेता कौतुकाने म्हणाला की यांच्या हाताबद्दल आमच्या ऑफिसातही बोलतात. त्याने ते बोलायला नको होतं, पण त्याच्या ते लक्षात आलं नाही.

झाकणरावाने काळा नमुना पुढे ओढला. उचलला नाही. डाव्या हाताने दाबून धरला आणि शर्टाच्या खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला. कारकून शिक्क्याची डबी शोधत होता. भांडारपाल नवं पेन चालतं का ते तळहातावर बघत होता. मी मनात मोजत होतो. सील फाटल्याचा आवाज कागद फाटल्याएवढाच आला. अकरा सेकंदांत चार स्क्रू ओळीने टेबलावर आणि झाकण बाजूला.

खुर्चीत सरळ बसून त्याने पिवळी टेप सोडवली, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने एकदा ठोकलं आणि प्राचार्यांच्या टिपकागदावर सिमेंटचा चुरा पडला.

गणिताच्या शिक्षकांनी चष्मा काढून पुन्हा लावला.

विक्रेता पहिला सावरला. “ते स्थिरतेसाठी आहे. पेटी हलू नये म्हणून.”

“पेटी चार स्क्रूंनी मशीनला लावतात,” झाकणराव म्हणाला. “ती जाणार कुठे?”

“कंपनं होतात ना.”

“कंपनं व्हायला आत काहीतरी चालावं लागतं,” मी स्टुलावरून म्हणालो.

झाकणराव उभा राहिला. खुर्चीपेक्षा उभं राहून त्याला बोलायला बरं जात होतं. “साहेब, मी याला चोपन्न गुण दिले. न उघडता दिले. जड तो चांगला, असं मीच गल्लीभर सांगत फिरलो आणि मीच फसलो. चूक माझी. खोली सांभाळणारीची नाही. हे तुमच्या कागदावर लिहून घ्या.”

प्राचार्य बराच वेळ चुऱ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं की आता ते विक्रेत्याकडे वळतील. ते कारकुनाकडे वळले.

“सील कोणी तोडलं?”

“मी,” झाकणराव म्हणाला.

“नियम काय आहे?”

कारकुनाने वाचलं, “सील तुटलेला नमुना बाद समजावा.”

“मग बाद,” प्राचार्य म्हणाले आणि मोठा श्वास सोडला. नियमाने त्यांची सुटका केली होती. सिमेंटबद्दल कोणालाच काही ठरवावं लागलं नाही. इतिवृत्तात तेवढंच आलं. काळा नमुना सील तुटल्याने बाद, करडा मान्य, माहितीपत्रक दुसऱ्या क्रमांकावर. विक्रेत्याला पुढच्या वर्षी मजबूत सील लावून नमुना पाठवायची सूचना झाली. आणि सील तोडल्याबद्दल, तसंच स्वतःच्याच मतावर अविश्वास दाखवल्याबद्दल, तज्ज्ञाचं नाव यादीतून कमी केलं. चूक त्याची होती हे वाक्य त्याने दोनदा मागितलं. ते लिहून घेतलं नाही, पण त्याच्या मुलीनेही त्याबद्दल नंतर कोणाकडून काही ऐकलं नाही.

फोडलेला नमुना कोणी ठेवून घेईना. तो झाकणरावाच्या पिशवीत आला. भांडारपालाने सिमेंटचा थोडा चुरा पुडीत बांधून घेतला. कशासाठी ते त्यालाच माहीत.

आता त्या खोलीत साठ करडे सप्लाय गुणगुणतात. ग्रंथपालाने दोनदा तक्रार केली. मुलीने सांगितलं, “चालू आहेत म्हणून आवाज आहे.” वर्ष संपलं तेव्हा एकही मशीन जळालेलं नव्हतं. तिला पुढच्या वर्षाचा कागद मिळाला. हंगामीच.

गल्लीत मात्र झाकणरावाचं येणंजाणं कमी झालं. दुकानदार पेटी पुढे करतात, तो हात मागे घेतो आणि म्हणतो, “स्क्रू काढ.” दुकानदार म्हणतो, सील तुटलं की हमी जाते. तो म्हणतो, मग मीही जातो. असं दोन-तीनदा झाल्यावर बोलावणं बंद झालं. चहाही गेला.

छताला टांगलेला काटा तसाच आहे. पण लोक आता पेटीला कानही लावू लागले आहेत. ती चूक माझी. चोक गातो, हे मी फक्त एका दुकानदाराला सांगितलं होतं, तेही तो पाठलाग करत आला म्हणून. परवा तिथून जाताना एक नवी पेटी इतकी गोड गुणगुणत होती की मी थांबलो. दुकानदाराला म्हणालो, उघड. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला झाकणराव आठवला.

त्याच्या घरी गेलो तर तो काळा नमुना भिंतीवर टांगत होता. चव्वेचाळिसावा. भंगारातून आणलेला जुळा भाऊ त्याने टांगला नव्हता. म्हणाला, एका घरातला एकच पुरे. वहीत गुण भरून झाले होते. तारेला दोन, टाक्यांना तीन, कपॅसिटरला दोन, चोकला शून्य, पट्टीला एक, पत्र्याला सहा.

“टेपला वेगळे दे,” मी म्हणालो. “नऊ.”

तो थोडा वेळ घुटमळला, पण त्याने समासात लिहिलं.

त्याखाली एक नवी ओळ होती, जी आधीच्या त्रेचाळीस पानांवर कुठेच नव्हती. ‘तपासणारा’, आणि पुढे दहापैकी तीन.

“तीन कशाचे?”

“उघडला त्याचे.”

“आणि सात?”

तो खिळा ठोकत होता. ठोकून झाल्यावर त्याने पेटी सरळ केली, एक पाऊल मागे येऊन बघितलं आणि म्हणाला, “ते पाच जण बघत होते ना, त्यात गेले.”